चार वाजता आठ ठोके

माझ्या घरात भिंतीवर एकोणीस घड्याळं आहेत आणि त्यातलं एकही भिंतीसाठी बनवलेलं नाही. काही जुन्या मोटारींतली, काही लष्करी ट्रकांतली, दोन विमानांची. एक आगगाडीच्या गार्डाच्या डब्यातलं असावं असा माझा संशय आहे. सगळी चावीची, सगळी चालू. रविवारी सकाळी मी एकेकाला चावी देतो तेव्हा घरातलं कुणी माझ्याशी बोलत नाही, कारण मी उत्तर देत नाही.

येणारेजाणारे विचारतात, बोटीचं एखादं नाही का मिळालं? वीस वर्षं मी सांगत आलो, नाही मिळालं. मिळालं होतं. कसं मिळालं आणि कुठं गेलं ते आज लिहितो. वाचून कुणी मला नावं ठेवली तर ठेवू देत. पण घड्याळांच्या नादानं मी बिघडलो असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी इथंच थांबावं. नादाचा त्यात काही दोष नव्हता. जीभ माझी होती.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत ऑइल इंजिनांच्या एका दुकानात मिस्त्री होतो. विहिरीवरची इंजिनं बसवायची, बिघडली की जाऊन दुरुस्त करायची. महिन्यातले पंधरा दिवस मी सातारा बाजूला असायचो. खांद्याला पान्यांची पिशवी, मुक्कामाला एखाद्या बागायतदाराच्या घराचा पुढचा सोपा. दुकानाच्या मागच्या अंगणात कुणा संस्थानिकाची मोडकी मोटार पडली होती. टायर गेले होते, गादीत उंदरांची घरं झाली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत सावलीला म्हणून आत बसलो आणि समोरच्या फळीवर एक छोटं घड्याळ दिसलं. चावी कुठं दिसेना. चाचपडता चाचपडता त्याची कडच फिरली. कड फिरवली की चावी बसत होती. दहा-बारा फेरे दिले, आणि मेलेल्या मोटारीत ते टिकटिक करायला लागलं. मालकांनी ते मला असंच देऊन टाकलं.

तेव्हापासून मला लंबकाचं घड्याळ आवडेनासं झालं. भिंत जरा कलली की ते थांबतं. त्याला सगळं सरळ लागतं, शांत लागतं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. मोटारीतल्या घड्याळाचे असले लाड नसतात. खड्डे, धूळ, ड्रायव्हरच्या शिव्या खात ते चालत राहतं. आत एक लहानसं चाक केसाएवढ्या स्प्रिंगवर पुढं-मागं झुलत असतं, बस्स. माझा जन्म रस्त्यावर चालला होता. मला हे घड्याळ आपलं वाटलं, यात काय चुकलं?

पलटणीतून परतलेल्या लोकांच्या घरी असल्या वस्तू निघायच्या. पेन्शनीतला हवालदार पेटीतून ट्रकचं घड्याळ काढून दाखवायचा, मी ते दुरुस्त करून द्यायचो, आणि चार महिन्यांनी तोच म्हणायचा, न्या मिस्त्री, तुमच्याकडं नीट राहील. बायको विट्याची. तिचे भाऊ कलकत्त्याला सोनं गाळायच्या धंद्यात. ती म्हणायची, "माझे भाऊ राखंतनं सोनं काढत्यात, आन आमचं हे पगारातनं पितळ काढत्यात." मी हसायचो. ती हसायची नाही.

घड्याळाचं काम मला शिकवलं गावभागातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीनं. तरुणपणी तो मुंबईत गोदीजवळच्या दुकानात होता. बोटीच्या घड्याळाची गोष्ट त्यानंच सांगितली. बोटीवर माणसांची पाळी चार तासांची असते. म्हणून त्या घड्याळाचे ठोके तास मोजत नाहीत, पाळी मोजतात. पाळीचा पहिला अर्धा तास झाला की एक ठोका, दुसरा अर्धा तास झाला की दोन, असे वाढत वाढत चार तासांनी आठ. आठ पडले की माणसं बदलायची आणि पुन्हा एकापासून सुरू. दुपारी बारालाही आठ, चारलाही आठ, रात्री आठलाही आठ. ठोकेही जोडीजोडीनं पडतात. म्हातारा टेबलावर बोटानं वाजवून दाखवायचा. पाच-सहा वर्षं मी असलं घड्याळ शोधत होतो. कऱ्हाड, मिरज, पुणे, भंगारवाल्यांच्या वखारी. कुठं नव्हतं.

आणि एका हिवाळ्यात, कऱ्हाडच्या पुढं साताऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात, मळ्यातल्या इंजिनाखाली पाठीवर झोपून नट आवळत असताना ते माझ्या कानावर आलं. ठणठण, ठणठण, ठण. मी मनगट वर करून पाहिलं. साडेदहा. पान्याला हात तसाच राहिला.

मळ्यात दोन घरं होती, दोन सख्ख्या भावांची. विहीर एक, इंजिन एक. थोरला शेती बघायचा. धाकटा मालाच्या बोटीवर इंजिनखोलीत होता. सगळं गाव पलटणीत आणि हा एकटा दर्यावर, म्हणून गावात त्याला बोटवाला म्हणायचे. त्याची बोट मोडीत निघाली तेव्हा तिच्यावरचं पितळी घड्याळ त्यानं मागून घेतलं आणि नोकरी सोडून घरी आला. घड्याळ सोप्यात टांगलं. वारा शांत असला की त्याचा आवाज उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत जायचा. मी गेलो त्याच्या आदल्या वर्षी तो वारला होता. मागं बायको, दोन लहान मुली, आणि ते घड्याळ.

विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या बोटवाल्यानं त्या घड्याळावर लावून दिल्या होत्या. चार तास या घराचे, चार तास त्या घराचे. आठ ठोके पडले की इंजिनाचं हँडल ज्याच्या हातात असेल त्यानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. हँडल हातात आलं की पाणी तुमचं. पण दिवसात अशा सहाच पाळ्या बसतात, आणि सहा सम आकडा, म्हणजे मध्यरात्रीची पाळी कायम एकाच घराच्या नशिबी. बोटीवर यावर उपाय असतो. संध्याकाळच्या चार ते आठ या पाळीचे दोन तुकडे करतात, दोन-दोन तासांचे, चार ठोक्यांवर. सहाच्या सात पाळ्या होतात आणि रोज अदलाबदल होते. आज रात्री जो जागला तो उद्या झोपतो. धाकट्यानं ते जसंच्या तसं आपल्या मळ्यात आणलं. पाण्याची एवढी सरळ वाटणी मी दुसऱ्या कुठल्या विहिरीवर पाहिली नाही, आणि मी खूप विहिरी पाहिल्यात.

धाकटा होता तोवर हे चाललं. तो गेल्यावर थोरल्याला ते घड्याळ खुपायला लागलं. तो वाईट माणूस नव्हता हे मला लिहिलंच पाहिजे. त्याला खरंच वाटायचं की घड्याळ बिघडलेलं आहे. त्या दिवशी धाकट्याच्या सोप्यात जेवायला बसल्यावर तो मला म्हणाला, "मिस्त्री, चार वाजता आठ ठोकं देतंय, साडेबाराला एक देतंय. असल्यावर आमी पाणी वाटून घ्यायचं? गाव हसतंय आमाला." त्याचं म्हणणं, साधी बारा-बारा तासांची वाटणी करावी. दिवस एका घराचा, रात्र एकाची. दिवस कुणाचा हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

भाकरी वाढता वाढता त्याची भावजय थांबली. तिशीतली बाई, कपाळ मोकळं, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. तिनं मला सरळ विचारलं. मिस्त्रीला यंत्रातलं कळतं, तो दोन्ही घरांचा कुणी नाही, त्याचा शब्द दोघांनी मानायचा, असं त्यांचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

"ह्यांनी सांगिटलं हुतं, घड्याळ शाणं हाय म्हणून," ती म्हणाली. "पर मला त्यातलं कळत न्हाई. तुमी बघा, आन काय आसंल ते खरं सांगा."

मी उठलो, घड्याळ खाली घेतलं, झाकण उघडलं. आत धुळीचा कण नव्हता. तबकडीच्या खाली बोटीचं नाव कोरलेलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. यंत्र अगदी निरोगी होतं. मी झाकण लावलं.

"खुळं झालंय हे," मी म्हणालो. "ठोक्यांचं चाक सरकलंय. दुरुस्त होण्यातलं नाही."

मला पाळ्यांचं नीट कळलं नव्हतं, असं आज म्हणता येईल. म्हणणार नाही. सगळं कळलं होतं. माझ्या शब्दावर तिचा दिवस लटकलेला होता हे पहिल्या घासालाच कळलं होतं. पण सहा वर्षं शोधलेली वस्तू माझ्या मांडीवर होती आणि खरं बोललो असतो तर ती परत खुंटीवर गेली असती.

पुढचं थोरल्यानंच सोपं केलं. मोडकं घड्याळ घरात कशाला, मिस्त्रीला द्यावं, त्यांनी बदल्यात चांगलं आणावं. आठ दिवसांनी मी लंबकाचं नवं घड्याळ नेऊन टांगलं. चारला चार ठोके, पाचला पाच. थोरला खूश. बाईनं बोटीचं घड्याळ पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की शेवटची एसटी चुकू नये.

दीड वर्ष ते माझ्या भिंतीवर राहिलं. ते वाजलं की मी काम सोडून ऐकायचो. आनंद झाला का? झाला. लय झाला. त्याबद्दलही मी खोटं बोलणार नाही. टोचणी असलेल्या माणसाला वस्तूचं सुख लाभत नाही असं लोक म्हणतात, पण मला लाभलं. टोचणी वेगळी होती आणि सुख वेगळं होतं, दोन्ही एकाच खोलीत राहात होती.

मग त्या मळ्यातून निरोप आला. इंजिन चालू होईना, काळा धूर टाकतंय. गेलो. थोरल्याचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, काळाभोर. बांधाच्या पलीकडं, धाकट्याच्या हिश्श्यात, गुडघाभर ऊस, त्यातला निम्मा पिवळा. मी काही विचारणार नव्हतो. मी विचारणाऱ्यातला नाहीच. बाई विहिरीवर धुणं धूत होती, तीच म्हणाली की रात्रीचं पाणी सरीला नीट बसत नाही, कंदिलाच्या उजेडात पाट कुठं फुटला ते दिसत नाही, मुलींना घरात कोंडून यावं लागतं. दीड वर्ष रोज रात्र तिची.

मी विचारलं, दोन-चार महिन्यांनी बदलून घ्यायचं नाही का?

"कशावर बदलायचं?" ती म्हणाली. "घड्याळ खुळं हाय म्हणून तुमीच सांगिटलं न्हवं? तवापासनं ह्ये आसंच."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिनं ते खरं मानलं होतं. नवऱ्याला आयुष्यभर कळलं नाही ते मिस्त्रीला एका नजरेत कळलं, असं मानलं होतं. मी जे केलं होतं त्याला तिथं चूक म्हणायची सोय उरली नाही. मी तिच्या मेलेल्या नवऱ्याला तिच्यापुढं खुळा ठरवला होता.

इंजिनाचं डिझेल फवारणारं नोझल गेलं होतं. ते काढलं, खिशात घातलं, सांगलीहून दुरुस्त करून परवा आणतो म्हणालो आणि निघालो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, एका बैठकीत मी तिच्याशी एवढं बोललो नव्हतो. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. ती उठली, खुर्चीवर चढली, घड्याळ उतरवलं आणि जुन्या गोधडीत बांधायला लागली. मग थांबून म्हणाली, "ह्ये पितळ तेवढं मला आवडायचं." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी समजावलं. त्यांना मी मोघम सांगितलं होतं, पण त्यांनी ओळखलं. म्हणाले, जे झालं ते झालं. गुपचूप नेऊन दे, दुरुस्त झालं म्हण. तुझं नावही राहील, दुकानाचंही राहील. शहाणा सल्ला होता. मी मानला नाही. दुरुस्त झालं म्हटलं असतं तर घड्याळ आधी खुळं होतं असंच ठरलं असतं, आणि तो बोटवालाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मळ्यात पोचलो. गोधडी सोडून घड्याळ सोप्यात, लंबकाच्या घड्याळाशेजारच्या खुंटीवर टांगलं, मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं. थोरला आला, बाई आली, शेजारच्या मळ्यातले दोन पेन्शनर आले. मी उभ्या-उभ्या सांगितलं की हे घड्याळ कधीच बिघडलेलं नव्हतं. मला ते पाहिजे होतं म्हणून मी खोटं बोललो. ठोके पाळीचे आहेत, तासाचे नाहीत, आणि धाकट्यानं लावलेल्या पाळ्या बरोबर होत्या.

मग थोरला हसला.

"तवा खोटं बोललास म्हंतोस. मग आज खरं बोलतोस त्ये कशावरनं?"

मी म्हणालो, कशावरनंच नाही, बसा आणि मोजा. आम्ही बसलो. साडेदहाला पाच, अकराला सहा, साडेअकराला सात, बाराला आठ. साडेबाराला एक. एक पेन्शनर बोटं मोजत होता. तो थोरल्याला म्हणाला, "तात्या, हिशोबात हाय की रं. पलटणीत सेंट्रीची पाळी आशीच आस्ती." थोरला म्हणाला, मोडलेलं यंत्र रोज सारखंच मोडकं वाजतं, त्यात काय. आणि उठायला लागला.

तेव्हा मी खिशातलं नोझल काढून सगळ्यांसमोर मांडीवर ठेवलं.

म्हणालो, इंजिन आज चालू होईल, चारच्या आठ ठोक्यांना. हँडल वैनींच्या हातात असेल आणि पाळ्या पूर्वीच्या चालतील तर. नाहीतर मी हे घेऊन परत चाललो.

थोरला तांबडालाल झाला. कऱ्हाडहून दुसरा मिस्त्री आणीन म्हणाला. आणा म्हटलं. तो येईपर्यंत आणि नवं नोझल मिळेपर्यंत पाच-सहा दिवस जातील, आणि वैशाखाचं ऊन आहे. ऊस डोक्यावर गेलेला तुमचा आहे, तिचा गुडघाभरच आहे. आधी तुमचा वाळंल.

ही जबरदस्ती होती. गिऱ्हाइकाचा माल अडवून धरणं मिस्त्रीला शोभत नाही, आणि त्यापायी महिन्याभरात माझी नोकरी गेली. थोरल्यानं दुकानात येऊन तक्रार केली, ती खरीच होती. मला त्याचा पश्चात्ताप नाही. माझं खोटं एका वाक्यात चाललं होतं, भाकरीचा घास तोंडात असताना. खरं चालवायला पितळ परत आणावं लागलं, चार माणसांत तोंड काळं करावं लागलं, तरी ते चालेना, शेवटी नोझल धरून बसावं लागलं. जगाची रीत अशी असेल तर मी पुन्हा धरून बसेन.

थोरला बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मग हँडल आणून उंबऱ्याबाहेर टाकलं आणि आपल्या घरात निघून गेला. खऱ्याला मानून नव्हे, उसाला भिऊन.

पेन्शनर उठून गेले. सोप्यात बाई आणि मी उरलो. इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"त्या दिशी, जेवताना, ठाऊक हुतं तुमाला?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली.

वीस वर्षं मी त्या 'बरं'चा अर्थ लावतोय असं म्हटलं तर छान दिसेल. पण अर्थ सरळ होता. ती मला माफ करणार नव्हती, आणि भांडायलाही मोकळी नव्हती. तिला चारच्या आत पाट नीट करायचा होता. तिनं खुंटीवरचं लंबकाचं घड्याळ काढून माझ्या पिशवीशेजारी ठेवलं. चहा विचारला नाही. मी इंजिनाकडं गेलो, नोझल बसवलं, डिझेलची नळी जोडली, हवा काढली. मुली बांधावर बसून माझ्याकडं बघत होत्या.

चारला घरातून ते आलं. ठणठण, ठणठण, ठणठण, ठणठण. बाई हँडल घेऊन आली. मी मदतीला हात पुढं केला तो तिनं बघितला नाही. हँडल लावून तिनं स्वतः फिरवलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. विहिरीतून पाणी येऊन हौदात पडलं आणि पाटाला लागलं. खोरं खांद्यावर टाकून ती पाण्याच्या पुढं पुढं चालत गेली, उन्हात, प्रत्येक सरीचं तोंड बघत. दीड वर्षानं तिला आपलं रान पाणी पिताना दिसत होतं. तिच्या हिश्श्यातला निम्मा ऊस तोवर गेलेला होता. तो माझ्या कबुलीनं हिरवा होणार नव्हता.

मी पाटातच उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून, की नुसतं बघावं म्हणून, आता सांगता येत नाही. ती फिरून परत आली आणि माझ्यापुढं थांबली.

"मिस्त्री, पाटातनं बाजूला व्हा. पाण्याला आडताय."

मी बाजूला झालो.